एका घराचे दोन मालक

हौसा गवंडिणीच्या हातात दोन कागद होते आणि दोन्हींवर राजाचा शिक्का होता. एकावर लिहिलं होतं, या घराची मालकीण हौसा. दुसऱ्यावर, कर्ज फिटेपर्यंत या घराचे मालक गुलाबशेट. एक हप्ता चुकला आणि सावकार गुलाबशेट कुलूप घेऊन दारात हजर! स्वतःच्या हातांनी रचलेल्या भिंतींकडे बघून हौसाला रडू आलं, पण ते गिळून तिने तडक दरबार गाठला. मागोमाग शेटही पोचले.

रणधवल महाराज खुशीत होते. आपल्या राज्यात घराविना कोणी उरला नाही, अशी दवंडी त्यांनी नुकतीच पिटवली होती. त्यासाठी प्रजेला कर्ज काढायला लावलं होतं, आणि सावकार रुसू नयेत म्हणून त्यांनाही हवा तसा कागद करून दिला होता. हौसाने दोन्ही कागद पुढे धरताच त्यांची खुशी पळाली. राजाचा शिक्का खोटा असेलच कसा? दोन्ही कागद खरे आहेत हे सूर्यास्ताच्या आत सिद्ध कर, नाहीतर घर खाली कर, असं त्यांनी बजावलं. शेटनी हळूच मिशीवरून हात फिरवला.

हौसाने दिवाणांना विचारलं, तलावाच्या बांधावर माती टाकायला दर घरामागे मालकाने एक दिवस जातीने यायचं, बदली माणूस चालणार नाही, हा हुकूम कायम आहे ना? दिवाण म्हणाले, आहे तर, उद्याच काम सुरू.

"मग दोन्ही कागद खरेच, महाराज," हौसा म्हणाली. "मालकिणीचा मान माझा, घर शेटजींचं. शेटजींच्याच कर्जापायी असेच दोन-दोन कागद आमच्या आळीतल्या एक्याऐंशी घरांत आहेत. मान आम्ही सांभाळतो. माती शेटजींनी वाहावी, एक्याऐंशी दिवस."

गुलाबशेटनी आजवर पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरून घेतला नव्हता. त्यांना दरदरून घाम फुटला. "छे छे, महाराज! खरे मालक हेच लोक. मी आपला नावापुरता."

"मग कुलूप कुणाच्या दाराला लावताय?" हौसाने विचारलं. "मालकीण मी असेन, तर मला बाहेर काढणारे तुम्ही कोण? आणि मालक तुम्ही असाल, तर उद्या घमेलं घेऊन या. बांधावरची मुकादम मीच आहे."

महाराज इतके हसले की मुकुट दोनदा सावरावा लागला. तिथल्या तिथे त्यांनी हुकूम काढला: ज्याला घराला कुलूप लावायचं असेल, त्याने आधी त्या घरमालकाच्या वाट्याची सगळी कामं जातीने करावीत. शेटनी कुलूप गुपचूप अंगरख्यात लपवलं. हौसाला जरीचं लुगडं मिळालं आणि थकलेल्या हप्त्याला वर्षाची मुदत. ही युक्ती महाराजांनाच सुचली, अशी दवंडी दुसऱ्या दिवशी सगळ्या राज्यात पिटली गेली.