सीताफळाच्या बियांचं तेल

“आणि उवा मरतात?” अक्कांनी विचारलं.

“मरतात,” मन्मथ म्हणाला.

“लिखा?”

“त्याही. तेल लावायचं, फणीनं विंचरायचं, धुऊन टाकायचं.”

“आणि पोरीला?”

“पोरीला काय व्हायचंय, अक्का. झाडाचं आहे.”



ओट्यावर टोपली होती. टोपलीत बाटल्या, बाटल्यांत खोबरेल तेलात खललेल्या सीताफळाच्या बिया. प्रत्येक बाटलीवर मन्मथनं स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती : उवांवर गावठी उपाय. संपूर्ण निर्धोक.

उद्या डोंगराखालच्या गावात बाजार भरणार होता. मठ अक्का चालवत होत्या, आणि त्यांनी ‘घ्या’ म्हटल्याशिवाय आसपासची एकही बाई बाटलीला हात लावणार नाही, हे मन्मथला ठाऊक होतं. बायकांनी हात लावायलाच हवा होता. गेल्या महिन्यात शेजारच्या वस्तीवर एका आईनं लेकीच्या केसांना कपाशीवर मारायची पावडर चोळली होती. पोर बेशुद्ध पडली. वाचली, पण अजून बोलताना अडखळत होती. त्या दिवसापासून मन्मथ बिया गोळा करत होता.

तो परदेशात रसायनशास्त्र शिकून आलेला. नोकरी सोडून बालाघाटच्या डोंगरात अक्कांच्या पायाशी येऊन बसला, म्हणून घरचे रागावले होते. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. पावसाळाभर त्यानं मठाची रीतच पालटून टाकली. फिनेल गेलं; गुळाच्या पाण्यात लिंबाच्या साली आंबवून केलेलं पाणी आलं. पोथ्यांच्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्या गेल्या. वेखंड आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला आला. कपडे रिठ्यात भिजू लागले, तांब्याची भांडी चिंचेनं लखलखू लागली.

स्वयंपाक करणारी गयाबाई आधी कुरकुरली होती. “रिठ्याला फेस कमी, अन् मन्मथदादाच्या बोलण्याला जास्त,” असं आल्यागेल्याला सांगायची. पण फरशी पुसताना येणारा तिचा खोकला थांबला. मग तीच लोकांकडून लिंबाच्या साली मागून घेऊ लागली.

तेव्हा मन्मथचं चुकत नव्हतं. हे त्याला माहीत होतं. अक्कांनाही माहीत होतं.

“काहीच अपाय नाही?” अक्कांनी पुन्हा विचारलं.

“काहीच नाही.”

“कुणालाच?”

“अपाय दुकानात, डब्यात मिळतो, अक्का. झाडाला तो ठाऊक नसतो.”

खांबाला टेकून गयाबाई तांदूळ पाखडत होती. “एकदा उवांना इचारून बघा की,” ती म्हणाली.

मन्मथ हसला. अक्का हसल्या नाहीत.

“आई घाईत असली आणि तेल जास्त पडलं, तर?”

“तर केस जास्त चमकतील.”

“इतकं भलं आहे, तर माझा शब्द कशाला हवा तुला? आपल्या पायांनी जाईल घरोघर.”

“लोक भितात, अक्का. दुकानातल्या विषाला भीत नाहीत आणि दारातल्या झाडाला भितात. तुम्ही एकदा म्हणालात की भीती जाईल.”

“म्हणजे भीती घालवायची आहे.”

“हो. अडचण तेवढी एकच आहे.”



अक्कांनी एक बाटली उचलली. बूच काढलं. वास घेतला. डाव्या तळहातावर तेल ओतलं आणि उजव्या हाताची करंगळी त्यात बुडवली.

“सकाळपासून डोळ्यांची आग होतेय माझ्या,” त्या म्हणाल्या. “जरा थंडावा मिळेल.”

आणि काजळ घालावं तशी त्यांनी करंगळी डोळ्याकडे नेली.

मन्मथनं झडप घातली.

अक्कांना कुणी शिवत नसे. लोक उंबऱ्यावर डोकं टेकून मागे सरत. प्रसादसुद्धा त्या वरून ओंजळीत सोडत. आज त्यांचं मनगट मन्मथच्या मुठीत होतं आणि करंगळी पापणीपाशी येऊन अडली होती. तळहातावरचं तेल लुगड्यावर सांडलं. गयाबाईच्या हातातलं सूप थांबलं.

“डोळा जाईल, अक्का.”

“झाडाचं आहे की.”

“डोळ्यात गेलं तर भाजून काढतं. बुबुळाला इजा होते. आग थांबत नाही… मी वाचलंय. मला माहीत आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

मन्मथनं मान खाली घातली, पण मनगट सोडायचं त्याला सुचलं नाही.

“बायका घाबरतील म्हणून चिठ्ठीवर लिहिलं नाही,” तो म्हणाला. “घाबरल्या की परत पावडरच आणतील. वाटलं, एवढी चांगली गोष्ट आहे, तिला कशाला…”



“आता सांग.”

“काय सांगू?”

“मी बाजारातली बाई आहे. माझ्या पोरीच्या डोक्यात उवा झाल्यात. सांग.”

मन्मथनं त्या करंगळीकडे पाहिलं. ती अजून तेलानं चमकत होती.

“पोरीच्या डोळ्यांवर फडकं घट्ट बांधा,” तो म्हणाला. “कपाळावर ओघळ येऊ देऊ नका. डोक्याला खरचटलेलं असेल तर लावूच नका. लहान बाळाला तर नाहीच. लावून झालं की आधी स्वतःचे हात धुवा.”

“रिठ्यानं का साबणानं?” गयाबाईनं विचारलं. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

“कशानंही धुवा. पण चांगले चोळून धुवा, आणि तोवर स्वतःच्या डोळ्याला हात लावू नका. आणि डोळ्यात गेलंच, तर पाणी मारत राहा आणि तसेच दवाखान्यात पळा. माझ्याकडे येऊ नका. माझ्याकडे त्यावर काही नाही.”

एरवी तो बोलायला लागला की त्याचे हात हवेत फिरत. आज एक हात गुडघ्यावर होता आणि दुसऱ्यात अक्कांचं मनगट.

ते त्याच्या आत्ता ध्यानात आलं. त्यानं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. अक्कांच्या मनगटावर बोटांचे वळ उठले होते.

“अक्का, मी तुम्हाला…”

“धरतोस घट्ट,” अक्का म्हणाल्या. त्यांनी गयाबाईला पाणी घालायला सांगितलं, बोटं नीट चोळून धुतली आणि पदराला पुसली.

मन्मथ नखानं एका बाटलीवरची चिठ्ठी खरवडू लागला. चिकटवताना त्यानं खळ भरपूर लावली होती. चिठ्ठी तुकड्या-तुकड्यांनी निघत होती.

“म्हणजे उद्या नको नेऊ?” त्यानं विचारलं.



गयाबाई तांब्या ठेवून आत गेली. नातीसाठी म्हणून तिनं दुपारीच एक बाटली मागून नेली होती आणि चुलीजवळ फोडणीच्या तेलाशेजारी ठेवली होती. ओट्यावरून सगळं दिसत होतं. तिनं ती बाटली उचलली. बूच दाबून बसवलं. वर चिंधी गुंडाळून सुतळीनं आवळली. मग स्टूल ओढलं, गुडघ्यावर हात देत वर चढली आणि बाटली माळ्याच्या पार आतल्या कोपऱ्यात सरकवली. खाली उतरून तिनं हात धुतले. मग पुन्हा एकदा धुतले.

अक्का तिच्याकडे बघत होत्या. मग त्या मन्मथकडे वळल्या.

“उद्या ने,” त्या म्हणाल्या. “औषध आत्ता तयार झालं.”