भाग घेणारा कॅमेरा

मिरजेच्या शमाला अब्बांच्या जुन्या रीळवाल्या कॅमेऱ्यासह छायाचित्रस्पर्धेत उतरायचे होते. वर्षभर गावोगावच्या बंद कॅमेऱ्यांचे सुटे भाग मिळवून तिने तो चालता केला होता. स्पर्धेचे अध्यक्ष घाटपांडे सरांनी तो दोन बोटांत धरून सगळ्यांदेखत विचारले, "भिंग कुठले?"

"कोल्हापूरच्या एका कॅमेऱ्याचे, सर."

"आणि स्प्रिंग?"

"सांगलीच्या एकाची."

"मग हा कॅमेरा कसला, ही तर गोधडी. याला भाग घेता येणार नाही."

शमा आधी बावरली, मग हळूच म्हणाली, "सर, आजवर याने भाग घेण्यावाचून दुसरे केलेय काय?"

मंडपात हशा पिकला. सरांनाही हसू आवरेना.

"बरं बाई, घे भाग," ते म्हणाले, "फक्त माझ्या कॅमेऱ्याचा घेऊ नकोस."