पावसाळा पाहिलेली बॅटरी

सातपुड्यातल्या खडकीपाड्यावर वीज पोचली नव्हती. उपकेंद्रातला लसींचा फ्रिज सौरऊर्जेवर चाले, आणि सिस्टर सुवर्णा वळवीच्या नऊ महिन्यांच्या लेकीची गोवराची लसही त्यातच होती.

मे महिन्याच्या रखरखत्या उन्हात बॅटरी कंपनीचे बिडवेसाहेब फ्रिजसाठी नवी बॅटरी घेऊन उगवले. "सोडियमची आहे, सिस्टर. वीस वर्षं बघायला नको!"

"आठ-आठ दिवस ऊन पडलं नाही, तर टिकेल का हो?" विचारून झाल्यावर सुवर्णाला वाटलं, प्रश्न अगदीच बावळट झाला.

"ते रसायनशास्त्र तुम्हाला नाही कळायचं. सही करा. सही झाल्याशिवाय जुनी बॅटरी काढायची नाही, असा आमचा नियम आहे. झाली की लगेच गाडीत टाकतो."

कागदावर छापलं होतं : 'संपूर्ण पावसाळा वापरून पाहिली. समाधानकारक.'

"साहेब, पावसाळा अजून यायचाय."

"अहो, सगळीकडे हेच छापील असतं. करा मुकाट्याने!"

सुवर्णाने झोकदार सही ठोकली आणि खाली तारीख घातली, तीस सप्टेंबर.

साहेब उखडले. "ही कसली तारीख?"

"आजची घातली असती तर तुमचा कागद खोटा पडला असता ना! नवी आज जोडा, जुनी राहू दे शेजारी. पावसाळाभर नवी टिकली, तर सही झालेली आहेच. त्या दिवशी येऊन जुनी घेऊन जा."

बिडवेसाहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. तारीख चूक म्हणायची, तर आधी छापील मजकूर खोटा म्हणावा लागणार होता. त्यांनी निमूटपणे नवी जोडायला पाना मागवला.