घरटी रिकामी होईपर्यंत

एका गावात एक जुनी विहीर होती आणि तिच्यावर वाकलेली एक बाभूळ. पावसाळ्यात सुगरण पक्षी त्या बाभळीला घरटी टांगायचे. दसऱ्यापर्यंत पिल्लं उडून जात. मग एक म्हातारा झाडावर चढून रिकामी घरटी उतरवायचा आणि घरोघरी ती झेंडूच्या तोरणात ओवली जायची. पहिलं घरटं देवळाच्या दाराला बांधायचा मान म्हाताऱ्याचा. वर्षभर तो त्या एका दिवसाची वाट पाहायचा.

एका वर्षी पाऊस महिनाभर उशिरा आला. हल्ली असं वरचेवर होऊ लागलं होतं. गवत उशिरा वाढलं, म्हणून घरटीही उशिरा विणली गेली. दसरा मात्र पंचांगाप्रमाणे वेळेवर आला.

म्हातारा चढला. पहिल्याच घरट्यात बोट घातलं, तर आत ऊब होती. काहीतरी वळवळलं. तो रिकाम्या हातांनी खाली आला.

“काय आबा, गुडघे कुरकुरले का?” झाडाखाली जमलेल्या गावकऱ्यांतून पाटील हसला.

“गुडघे नाही, पिल्लं! घरटी भरलेली आहेत. दिवाळीपर्यंत थांबू.”

“दसरा थांबतो होय? आणि ही पाखरं आमचीच ज्वारी खातात. तुम्हाला जमत नसेल, तर मान दुसऱ्याला देऊ.”

म्हाताऱ्याने एकदा देवळाच्या दाराकडे पाहिलं. मग तो बाभळीच्या खोडाला पाठ लावून उभा राहिला.

“द्या कुणालाही. पण आज इथे कुणी चढणार नाही. पाखरांना पंचांग वाचता येत नाही, पाटील. आपल्याला येतं, तर तारीख आपण हलवू. जरा गप्प राहून ऐका तरी!”

सगळ्यांनी माना वर केल्या. बाभूळभर चिवचिव चालली होती.

पाटलीणबाई म्हणाल्या, “माझ्या दाराला नुसता झेंडू चालेल. रडणारं तोरण नको.”

त्या दसऱ्याला गावात नुसता झेंडू लागला. सुगरणी दिवसभर ज्वारीवरच्या अळ्या वेचून पिल्लांना भरवत राहिल्या. चार दाणे त्यांनीही खाल्ले. पण शेजारच्या ज्या गावाने तिथी पाळून घरटी उतरवली होती, तिथल्या ज्वारीची अळ्यांनी चाळण केली.

दिवाळीत पाटलाने पहिलं रिकामं घरटं म्हाताऱ्याच्याच हातून देवळाला बांधून घेतलं. विहिरीभोवती आणखी बाभळीही लावल्या.

पुढच्या वर्षी पाटील पंचांग न उघडताच विहिरीवर आला. “आबा, यंदा तोरण कधी?”

“थांबा,” म्हातारा फांदी धरत म्हणाला, “वर विचारून येतो.”

तात्पर्य: ऋतू सरकले तर पाखरांना ते थांबवता येत नाहीत, आपल्या सवयी सरकवणं मात्र आपल्या हातात आहे.