दारात थांबणारी किनू

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, तिथल्या माणसांनाही ते धड सांगता येत नाही. जपानच्या दक्षिणेला, समुद्रात मियोशिमा नावाचं एक इवलंसं बेट आहे. त्याला एकच पायवाट, पाण्याच्या कडेकडेने गोल गेलेली. सकाळी भरभर चालू लागलात तर दुपारच्या जेवणाआधी निघालात तिथेच परत याल, एवढंच ते बेट. वाटेवर चाळीस घरं, पण लांब लांब विखुरलेली. एका घरातून ओरडलं तर दुसऱ्या घरी ऐकू जायचं नाही.

बेटावरचे तरणे पुरुष मासेमारीला महिनोन्महिने दूर जायचे. पोरी लग्न होऊन पलीकडच्या किनाऱ्याला नांदायला जायच्या. मागे राहायची ती म्हातारी माणसं, घरात एकेक. त्यांची खबर घ्यायचं काम गावच्या मुख्याने, आपल्या भाषेत पाटलाने म्हणा ना, किनूला दिलं होतं. किनूचा नवरा लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी होडीसकट समुद्रात गेला होता. मूलबाळ नाही. बेटाच्या पार टोकाला एकटी राहायची. पण चालणं असं, की पायाला भिंगरीच!

आता खबर घ्यायची रीत ऐका. आपल्याकडे अंगणात सडा घालतात, तसं त्या बेटावर उठल्या उठल्या दारातल्या दगडी पायरीवर पाणी शिंपडायचे. पायरी ओली, म्हणजे आतलं माणूस धड आहे. किनू वाटेवरूनच पायरी बघायची आणि पुढे सुटायची. ऊन चढून पायऱ्या वाळायच्या आत तिची चाळीस घरं झालेली असायची. ती कुणाच्या दारात थांबत नसे. थांबलं की म्हातारी माणसं बोलत बसायची, आणि बोलता बोलता हमखास नवऱ्याचा विषय निघायचा. तो तिला नको असायचा.

एकदा तीन दिवस पावसाची झड लागली. किनू पावसासाठी डोक्यावर टोपली पालथी घालून रोजच्यासारखी फिरली. सगळ्या पायऱ्या ओल्या. आता पाऊस पडल्यावर पायऱ्या ओल्या नसतील तर काय होतील? हे कळायला काही मोठी अक्कल लागत नाही. पण रोजच्या सवयीने डोळ्यांवर झापड येते, हो. तुमच्याही येते, माझ्याही येते.

चौथ्या दिवशी ऊन पडलं आणि होड्या दुरुस्त करणाऱ्या तोकुझोआजोबांची पायरी कोरडी ठणठणीत दिसली. किनूने दार लोटलं. म्हातारा चुलीपाशी पडलेला, कंबर मोडलेली. जीव होता अजून. तिने मांडीवर डोकं घेऊन ओठांना पाणी लावलं.

"तीन दिवस तुझी पावलं ऐकली, पोरी," तोकुझोआजोबा म्हणाले. "पण मी ओ म्हणेपर्यंत तू पुढे गेलेली असायचीस."

एवढं बोलून त्यांनी मान टाकली. रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नव्हते, आणि तेच किनूला आयुष्यभर सोसलं नाही.

त्या दिवसापासून किनू सावकाश चालू लागली. प्रत्येक दारात थांबायची, "आहात का?" म्हणून हाक मारायची आणि गप्प उभी राहायची. ओ आल्याशिवाय हलायची नाही. ओ आली की गप्पाही यायच्या, दुखणी यायची, नवऱ्याचा विषयही यायचा. तिने सगळं ऐकून घेतलं. दुपारच्या आत संपणारी फेरी दिवेलागणीपर्यंत चालायची. लोक तिला गोगलगाय म्हणायचे. म्हणोत बापडे! पुढे पुढे तिला भिंतीपलीकडचा श्वाससुद्धा ऐकू यायचा, असं म्हणतात. तिने हाक मारली की लाटा घटकाभर किनाऱ्यावर थबकायच्या, असंही म्हणतात. त्यानंतर बेटावर म्हातारी माणसं गेली, पण एकटं कुणी गेलं नाही.

घरं मात्र रिकामी होत गेली. किनू रिकाम्या घरांच्या दारातही थांबायची. तोमे नावाची तिची एक मैत्रीण होती, गुडघ्यांनी अधू, तोंडाने फटकळ. ती म्हणायची, "अगं किनू, त्या घरात उंदीरसुद्धा राहिला नाही. कुणाला हाका मारतेस?"

"नसेलही कुणी," किनू म्हणायची. "पण थांबल्याशिवाय ते मला कसं कळायचं?"

आणि एका हिवाळ्यात, पाच वर्षं ओस पडलेल्या घरातून बारीकशी ओ आली. फुटलेल्या होडीतले दोन खलाशी सरपटत तिथवर आले होते, थंडीने काळेनिळे पडलेले. दोघेही वाचले. त्यानंतर किनूला कुणी हसलं नाही.

पण बायांनो, चाळीस दारांत थांबणारीच्या दारात कोण थांबणार? तिचं घर फेरीतलं शेवटचं. एकदा तिने तोमेपाशी मन मोकळं केलं. "मरणाची भीती नाही गं. मी पडले तर कुणाला कळणार नाही, त्याची आहे."

"माझे गुडघे धड असते तर रोज आले असते गं," तोमे म्हणाली आणि रडली. दुसरं काय करणार?

मग किनू स्वतःच्याच दारात थांबायला लागली. संध्याकाळी फेरी संपवून आली की पायरीपाशी उभी राहायची. "किनू, आहेस का?" विचारायची. ओ कुठून येणार? तरी ती थांबायची, पुरतं थांबायची, आणि मग आत जाऊन एकटीच चूल पेटवायची. असं कितीतरी वर्षं चाललं.

एके दिवशी तोमेला राहवलं नाही. काठी टेकत, गुडघ्यांना शिव्या घालत, सकाळी किनू तिच्या दारातून पुढे गेल्यावर ती निघाली ती संध्याकाळी टोकाला पोचली. वळणावरून तिने पाहिलं, किनू दारात उभी होती. "किनू, आहेस का?" आणि आतून आवाज आला, "आहे. ये आत." किनू दचकली नाही. हसली, चपला काढल्या आणि आत गेली. तोमे कशीबशी दारापर्यंत आली तर चपला पायरीवर, चूल पेटलेली, आणि घरात कुणी नाही. कोण म्हणतं आवाज नवऱ्याचा होता, कोण म्हणतं तोकुझोआजोबांचा. तोमे सांगायची, "कुणाचा ते मला ठाऊक नाही. पण ज्याचा होता त्याला कसली घाई नव्हती."

दुसऱ्या दिवशी तोमे त्या घरातच बसून राहिली. म्हणाली, रोज कुणीतरी इथे बसायचं.

आजही त्या बेटावर गाडी नाही. जो येतो तो सावकाश चालतो आणि प्रत्येक दारात, पडक्या दारातसुद्धा, हाक मारून थांबतो. किनूच्या घरात रोज पाळीने एक माणूस बसतं. संध्याकाळी फेरी संपवणारा विचारतो, "किनू, आहेस का?" आणि आतलं माणूस म्हणतं, "आहे. ये आत."

बेटावर आता अकरा माणसं उरली आहेत. दर अकराव्या दिवशी पाळी येते. एकच माणूस उरलं तर काय, असं तिथल्या नावाड्याला विचारलं तर तो म्हणतो, "मग किनूसारखं करायचं. आपणच हाक मारायची आणि थांबायचं."