शिट्टीचा अर्थ

१९ एप्रिल. ऊन कडक, आभाळ पांढरं, वारा पूर्ण पडलेला. दुपारी गेलेली वीज आली नाही.

“अर्थ कुठं दिलास?” उस्तादांनी विचारलं.

“मागच्या सीटबेल्टच्या बोल्टाखाली. रंग खरवडून, पत्रा चमकेपर्यंत.”

“आणि?”

“आणि शिट्टी आहे.”

गॅरेजात अर्थ म्हणजे काळी वायर. ती गाडीच्या पत्र्याला घट्ट बसली नाही, तर स्पीकरमधून बारीक शिट्टी येते. हे उस्तादांनीच धन्यकुमारला शिकवलं होतं.

उस्ताद म्हणजे हुसेन मोमीन. गाड्यांना साउंड बसवण्याचं त्यांचं गॅरेज जयसिंगपूरच्या बायपासला आहे. धन्यकुमार मगदूम त्यांच्या हाताखाली शिकला. आता शिरोळ रस्त्याला त्याचं स्वतःचं काचेच्या दाराचं दुकान आहे. तालुक्यात सगळ्यांत मोठा बेस आपल्या गाड्यांत असतो, असं तो सांगतो. ते खरं आहे. दुकान काढल्यापासून तो इकडे फिरकला नव्हता.

आज आला तो एका गिऱ्हाइकाची पांढरी गाडी घेऊन. डिकीत दोन बारा इंची सबवूफर, म्हणजे बेसचे स्पीकर.

“गिऱ्हाईक काय म्हणतं?”

“त्याला काय कळतंय? म्हणतो, झकास झालंय, किल्ली द्या. मी दिली नाही. शिट्टी असलेली गाडी माझ्या दुकानातून बाहेर पडणार नाही.”

“पारस कुठाय?”

पारस हा धन्यकुमारच्या बायकोचा भाऊ. त्याच्या दुकानात वायरिंगचं काम तोच करायचा.

“हाकलला.”

“का रे?”

“अर्थ त्यानं दिला होता. शिट्टी येते म्हणजे अर्थ कच्चा. सांगितलं, पुन्हा कर. केला. तरी आहेच. मग दंडाला धरून बाहेर काढला.” तो थांबला. “घरात बायको बोलत नाही माझ्याशी.”

उस्तादांनी बॉनेट उघडलं. बॅटरीपासून निघालेली जाड लाल वायर बोटानं चाचपली. फ्यूज बॅटरीला लागूनच होता. मग डिकी उघडून सबवूफरच्या मागचे जोड पाहिले, सीटबेल्टचा बोल्ट हलवून पाहिला. हलला नाही.

“हे सगळं पारसचं?”

“हो.”

“काम स्वच्छ आहे.”

“स्वच्छ आहे, मग शिट्टी कुठून येते?”

“तेच म्हणतोय. बेसच्या स्पीकरातून शिट्टी कशी येईल? त्याला एवढा बारीक आवाज काढताच येत नाही.”

“त्यातून नाही येत हो, उस्ताद. पण हे दोन बसवून दिवसभर वाजवून बघितले, तेव्हापासून येते. हे करंट ओढतात आणि पुढचे स्पीकर बोंबलतात. तुम्हीच शिकवलंय.”

“शिकवलंय,” उस्ताद म्हणाले. “रेस दिली की चढते?”

धन्यकुमारनं जरा विचार केला.

“नाही. एकसारखी असते.”

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं. “कच्च्या अर्थची चढते,” ते म्हणाले. मग त्यांनी इंजिन चालू केलं, टेप चालू केला, गाणं लावलं नाही. दारं बंद करून घेतली.

“येते ना?” धन्यकुमारनं विचारलं.

“माझं राहू दे.” त्यांनी काच खाली करून मला हाक मारली. “या हो, जरा बसा इथं.”

मी शेजारच्या गाळ्यात सीट कव्हरं शिवतो. जाऊन बसलो. इंजिनाची घरघर होती. दुसरं काही नव्हतं. तसं सांगितलं.

“काका, रेक्झिन अस्सल आहे का तेवढं सांगा तुम्ही,” धन्यकुमार म्हणाला. “हे कानाचं काम आहे.”

उस्तादांनी टेपकडून ॲम्प्लिफायरकडे जाणारी सिग्नलची वायर उपटली.

“आता?”

“आहे.”

त्यांनी बॅटरीजवळचा फ्यूज काढला. दोन्ही सबवूफर मेले.

“आता?”

“आहे!” त्याचा चेहरा उजळला. “बघा, म्हणजे दोष पुढंच आहे. टेपमध्ये. कंपनीनं माल गंडका दिला. उद्याच बदलून घेतो.”

उस्तादांनी टेप बंद केला. इंजिन बंद केलं. किल्ली काढून खिशात टाकली.

“आता?”

“आहे... आतल्या आत कुठंतरी बॅटरीची लाइन चालू असणार.”

उस्तादांनी दहा नंबरचा पाना घेतला. बॅटरीचं काळं टर्मिनल सैल केलं, उचललं, आणि हातात वर धरलं. गाडीतला छोटा लाल दिवाही विझला.

“आता?”

...

धन्यकुमार सीटवर पुढं वाकला. डॅशबोर्डला कान लावला. मग दार उघडून उतरला आणि चालू लागला. गॅरेजच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे, रिकाम्या ट्रॉल्या उभ्या असतात तिथपर्यंत गेला. तिथं उन्हात उभा राहिला. एक बोट डाव्या कानात घातलं, काढलं, पुन्हा घातलं.

परत आला.

“आहे,” तो म्हणाला.

उस्तादांनी टर्मिनल अजून तसंच धरलं होतं.

“कुठल्या बाजूला?”

“डाव्या. आता उजवीकडे पण.”

...

“उस्ताद, हिला अर्थ कुठं द्यायचा?”

उस्तादांनी टर्मिनल जागेवर ठेवलं, नट आवळला, फ्यूज आणि सिग्नलची वायर जिथल्या तिथं बसवली.

“गाडी बरोबर आहे,” ते म्हणाले. “देऊन टाक.”

धन्यकुमार सबवूफरच्या खोक्याच्या कडेवर बसला. खिशातून फोन काढला आणि पारसला लावला. फोन त्यानं स्पीकरवर ठेवला होता. मला सगळं ऐकू येत होतं.

“हां दाजी.”

“पारस...”

“शिट्टी घावली काय, दाजी?”

“घावली.”

“कुठं होती? माझ्या अर्थला?”

“नाही.”

“मग कुठं?”

धन्यकुमारनं फोन दुसऱ्या हातात घेतला.

“बरं,” पारस म्हणाला. “माझ्याकडं नव्हती ना? तेवढं आईला सांगतो. ती रोज विचारतीया.”

“उद्या ये दुकानात. सकाळी ये.”

“न्हाई ओ दाजी. मी सांगलीत चष्म्याच्या दुकानात लागलोय. ठेवतो, गिऱ्हाईक आलंय.”

फोन बंद झाला. धन्यकुमार त्याच्याकडे बघत राहिला.

“शेवटचं काय म्हणाला?” त्यानं मला विचारलं.

सांगितलं. चष्म्याच्या दुकानात लागलाय. येणार नाही.

“हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात,” तो म्हणाला. मग त्याचा हात आपल्याच कानाकडे गेला.

...

“उस्ताद, गाडी ट्यून कशी करायची मी? कोणता स्पीकर मागं पडतोय, कोणता पुढं जातोय, हे मी डोळे मिटून सांगायचो. तुम्ही चार माणसांत माझं कौतुक करायचा. म्हणायचा, याच्याकडे यंत्र नाही, कान आहे.”

“म्हणायचो.”

“काचेचं दार, पाटी, सगळं त्या कानावर आहे.”

“डॉक्टरला दाखव. उद्याच दाखव. आणि बेस आजपासून बंद.”

“बंद केला की थांबेल?”

उस्तादांनी बॉनेट खाली घेतलं, पण आपटलं नाही. हातानं दाबून मिटवलं.

“वाढायची नाही, कदाचित.”

“थांबेल का, ते विचारतोय मी.”

“माझी थांबलेली नाही.”

धन्यकुमार उठून उभा राहिला.

“तुमची?”

उस्तादांनी पाना फडक्यानं पुसला. पुसलेला पुन्हा पुसला.

“तुम्हाला पण येते? कधीपासून?”

“तू शिकायला आलास, तेव्हा होती.”

“रोज?”

“आत्तासुद्धा आहे.”

“आणि मी तुमच्या पुढ्यात बसून दिवस दिवस बेस लावायचो... उस्ताद, मला सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं होतं. बेस चालू होता.”

“कधी? मला एकदाही आठवत नाही.”

उस्तादांनी किल्ली त्याच्या हातात दिली आणि त्याची मूठ आपल्या हातानं मिटवली.

“हळू सांगितलं होतं.”