उठतीचा घास

एकदा एका व्यापारी पेठेत एक हट्टी शेठजी राहत होते. हट्टी म्हणजे किती, तर त्यांच्या दुकानावरची पाटी वादळात तिरकी झाली, तेव्हा त्यांनी पाटी सरळ केली नाही. गिऱ्हाइकांनी मान तिरकी करून वाचावे, असे फर्मावले. पाटीचे खरेखोटे देव जाणे, पण त्या पेठेतल्या जुन्या माणसांच्या माना पुढे जन्मभर डावीकडे कललेल्या राहिल्या, असे पाहणारे सांगतात.

त्या पेठेची एक रीत होती. दुखण्यातून उठणाऱ्या माणसाच्या पोटात जाणाऱ्या पहिल्या अन्नाला ‘उठतीचा घास’ म्हणत, आणि तो ज्याच्या त्याच्या घराचा ठरलेला असे. कुणाकडे मऊ भात, कुणाकडे शेवयांची खीर. शेठजींच्या घरी हुलग्यांचे माडगे. हुलगे भाजून दळायचे आणि त्या पिठात गूळ-सुंठ घालून दाटसर शिजवायचे. शेठजींच्या पणजीने घालून दिलेला हा घास. तो पोटात टिकल्याखेरीज दुसरे अन्न तोंडी लावले, तर गेलेले दुखणे उंबऱ्यावरून परत फिरते, अशी पेठेची दृढ श्रद्धा होती.

त्या उन्हाळ्यात शेठजींची लेक चंपा मुदतीच्या तापातून उठली. उठली म्हणजे ताप उतरला, इतकेच. माडग्याची वाटी खोलीत आली की वासानेच तिला उमासा येई. बळे घास भरवला की तो तसाच बाहेर पडे. दूधपाण्यावर पोर वाळत चालली. वैद्यांनी नाडी पाहून हात टेकले.

“ताप गेला, माझं काम झालं,” ते म्हणाले. “आता पोटात अन्न राहिलं नाही, तर पोर हातची जाईल. ऊन, मऊ, बिनतिखट, काहीही द्या.”

“काहीही म्हणजे माडगं,” शेठजी म्हणाले. “सूनबाई, पुन्हा करा.”

सूनबाईंचे नाव गिरिजा. चंपावर तिचा पाठच्या बहिणीसारखा जीव. शिवाय नवे काही रांधून पाहण्याची तिला भारी हौस. माहेरी असताना तिने एकदा फणसाच्या आठळ्यांचे थालीपीठ केले होते, आणि ते खाऊन शेजारचा रुसलेला जावई सासरी परतला होता, असे म्हणतात. ती पदर खोचून म्हणाली, “मामंजी, आज मी दुसरं काही करून बघते.”

“पणजीबाईंपेक्षा तुम्हाला जास्त कळतं?”

“माडगं कसं करायचं, ते पणजीबाईंना कळत होतं. चंपावन्संना ते सोसत नाही, एवढं मला दिसतंय.”

शेठजींच्या मिशा थरथरल्या. पण लेकीचा चेहरा त्यांनाही दिसत होताच. ते म्हणाले, “ठीक. काय करायचं ते करा आणि आत्याबाईंकडे न्या. त्यांनी चाखून पसंत केलं, तरच ते चंपाच्या खोलीत जाईल.”

आत्याबाई म्हणजे पेठेतली सर्वांत वृद्ध सुगरण. देवळामागे एक खोली, एक चूल आणि एक म्हैस, एवढाच त्यांचा संसार. पेठेतल्या सुना त्यांच्याकडे रांधायला शिकत. गिरिजा त्यांची सर्वांत लाडकी शिष्या. आत्याबाई झाकणावर टिचकी मारून आतल्या आमटीत मीठ किती आहे ते सांगत, अशी त्यांची ख्याती. त्यांच्या शब्दापुढे शेठजीही मान तुकवीत.

गिरिजाने तांदळाची पेज केली, वर साजूक तुपात जिरे तडतडवून घातले आणि पातेले कडेवरच्या लेकरासारखे सांभाळत ती देवळामागे गेली. आत्याबाई झाकण काढून आत डोकावल्या, उठल्या आणि सारी पेज म्हशीच्या घमेल्यात ओतून आल्या.

“उद्या ये,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गिरिजाने भाजक्या मुगाचे कढण नेले. तेही म्हशीला. मग ताकातल्या ज्वारीच्या कण्या. म्हशीला. दुधीची खीर. म्हैस आता गिरिजाची चाहूल लागताच उभी राहू लागली. तिच्या दुधाला जिऱ्याच्या फोडणीचा वास येऊ लागला, आणि ते दूध नुसत्या भातावर घेतले तरी कढी खाल्ल्यासारखे वाटे, असे रतीब घेणारे शपथेवर सांगत.

“आत्या, निदान जिभेला तरी लावा!” गिरिजा कळवळून म्हणाली. “काय चुकतंय ते तरी सांगा. मीठ? तूप?”

“मीठ बरोबर आहे. तूपही बरोबर आहे.”

“मग?”

“मग काय? म्हशीला आवडलं.”

“तुम्हाला आवडायला मी काय करू?”

आत्याबाईंनी रिकामे पातेले तिच्या हातात दिले.

त्या दिवशी गिरिजा घरी परतली ती पाय आपटत. एवढ्याशा वाटेत तिने मनातल्या मनात साऱ्यांना सुनावले: पणजीबाईंना, मामंजींना, आत्याबाईंना आणि त्या म्हशीला. तशीच ती चंपाच्या खाटेशी जाऊन बसली. चंपाचे डोळे खोल गेले होते. मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

“वन्सं,” गिरिजा म्हणाली, “सगळ्यांना विचारून झालं. आता तुम्हीच सांगा. काय खावंसं वाटतंय?”

चंपाने मान वळवून वहिनीकडे पाहिले. आपल्याला कुणी असे काही विचारावे, याची तिला सवय नव्हती.

“रागावणार नाहीस?”

“सांगा तर.”

“तोंड कडू झालंय गं वहिनी. गोड नको वाटतं. दूध नको वाटतं. मघाशी खिडकीतून कुठून तरी कैरी भाजल्याचा वास आला... तेव्हा तोंडाला पाणी सुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.” मग ती घाबरून म्हणाली, “पण बाबांना सांगू नकोस हं. दुखण्यात आंबट!”

गिरिजा उठली. तिने आधी वैद्यांना गाठून विचारले. ते म्हणाले, “बेताने द्या. ऊन आणि मऊ असलं की झालं.” मग तिने चुलीच्या निखाऱ्यात एक कैरी पुरली. ज्वारीच्या कण्या मंद आचेवर इतक्या शिजवल्या की त्या डावावरून मेणासारख्या ओघळू लागल्या. भाजलेल्या कैरीचा गर काढून तो त्यात मिसळला, आंबटाची धार मोडेल इतकाच गुळाचा खडा टाकला, चवीपुरते मीठ, वर चमचाभर तूप. असा पदार्थ त्या पेठेत कुणी केला नव्हता. त्याला नावही नव्हते. वास मात्र माजघर ओलांडून दुकानापर्यंत गेला, आणि एक गिऱ्हाईक हरभऱ्याची डाळ मागायला आले होते ते नुसतेच उभे राहिले.

शेठजी तरातरा आत आले. “हे काय? कैरी? आजारी माणसाला? आत्याबाईंना दाखवलंत?”

“नाही.”

“नाही म्हणजे? आपलं ठरलं काय होतं?”

“ते तुमचं ठरलं होतं, मामंजी. वन्संचं काही ठरलं नव्हतं.”

शेठजींना इतके सरळ उत्तर त्यांच्या घरात आजवर कुणी दिले नव्हते. इतक्यात मागच्या दाराशी काठी वाजली. दारात आत्याबाई उभ्या होत्या.

“का गं? आज माझी म्हैस उपाशी ठेवलीस?” असे म्हणत त्या चुलीपाशी आल्या. वाकून त्यांनी वास घेतला आणि, काय आश्चर्य, हात पुढे केला. “आण, आज चाखून बघते.”

एवढे दिवस ज्या घासासाठी गिरिजा झुरली होती, तो मागायला आत्याबाई स्वतः आल्या होत्या. शेठजी सुस्कारा सोडून म्हणाले, “हं. द्या त्यांना. होऊन जाऊ दे निकाल.”

गिरिजाने पातेले पदरात धरून छातीशी ओढले.

“नाही, आत्या. आज तुम्हालासुद्धा नाही. हे जिच्यासाठी केलंय, तीच आधी चाखेल. तिला नको झालं तर मी दुसरं करीन. तुम्हाला राग आला तर उद्यापासून तुमच्या दारात येणार नाही.”

शेठजींनी डोळे मिटून घेतले. आत्याबाई मात्र चुलीशेजारीच फतकल मारून बसल्या आणि पोट धरून हसू लागल्या.

“जा, जा पोरी,” त्या म्हणाल्या. “निवायच्या आत ने.”

गिरिजा आत गेली. शेठजी चिडून म्हणाले, “आत्याबाई, ही थट्टा कळली नाही मला. पोर तिकडे वाळत होती आणि तुम्ही न चाखता अन्न म्हशीला घालत होता?”

“शेठ, माझी जीभ चंपाच्या तोंडात नाही,” आत्याबाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. “मी पहिल्याच दिवशी हो म्हटलं असतं, तर ती पेज माझ्या नावानं त्या पोरीच्या तोंडाशी गेली असती. तिनं ती ओकली असती, तर आत्याबाईंनी पसंत केलेलं हिला कसं चालत नाही, म्हणून तुम्ही तिलाच बोल लावला असतात. जसा माडग्यासाठी लावता आहात. तुम्ही पणजीला विचारत होता, ही मला विचारत होती. खाटेवर पडलेल्या जिवाला विचारणारं या घरात कुणी नव्हतं. तुमच्या सुनेला मीठ-तूप मी कधीच शिकवून झाले. माझ्याकडे पाठ फिरवून खाटेकडे बघायचं तेवढं राहिलं होतं. ते मी सांगून झालं नसतं. सांगितलं असतं, तर तीही माझीच परवानगी झाली असती.”

“पण पणजीबाईंनी घालून दिलेला घास...”

“तुमची पणजी!” आत्याबाईंनी काठी आपटली. “माझ्या गुरू म्हणजे तिची मैत्रीण. त्यांच्या तोंडून ऐकलंय. दुष्काळाचं साल, घरात दाणा नाही, आणि तिचं लेकरू तापातून उठलेलं. तिनं काय केलं असेल? दारात बांधलेल्या घोड्याच्या तोबऱ्यातून मूठभर हुलगे काढले. सासरे अंगणात उभे राहून ओरडत होते, घोड्याचा खुराक माझ्या नातवाला घालतेस म्हणून. तिनं दाराला आतून कडी घातली आणि माडगं रटरटवलं. ते लेकरू म्हणजे तुमचे आजोबा. आता सांगा शेठ, पणजीचं कोण चालवतंय? तिची वाटी धरून बसलेले तुम्ही, की ही, जी आज आपल्या दोघांनाही जुमानत नाही?”

 शेठजींच्या घराण्याचा मान ज्या वाटीत आहे ती घोड्याच्या तोबऱ्यातून निघाली, हे पचायला माडग्याहून जड होते. तेवढ्यात आतून चमचा वाटीच्या तळाला खरवडल्याचा आवाज आला. मग चंपाचा क्षीण, पण स्पष्ट आवाज.

“वहिनी, अजून आहे?”

शेठजी भिंतीला टेकून हळूच खाली बसले. बराच वेळ ते उपरण्याने डोळे पुसत होते आणि चुलीच्या धुराला दोष देत होते.

चंपा हिंडूफिरू लागली, आणि शेठजी बदलले. म्हणजे त्यांचा हट्ट बदलला. जो भेटेल त्याला ते ‘आमच्या घरची कैरीची कणी’ ऐकवू लागले. एका दुपारी कळले की समोरचा कापडवाला काविळीतून उठला आहे, पण अन्नावर त्याची वासना नाही. शेठजी उत्साहाने आत आले.

“सूनबाई, कैरीची कणी करा. मोठं पातेलं. उठतीचा घास म्हणून मी स्वतः भरवतो त्याला. आता या घरातून हीच जायची, पिढ्यान्‌पिढ्या!”

गिरिजाने हातातला डाव खाली ठेवला.

“नाही करणार, मामंजी.”

“का? तुमचीच तर आहे!”

“त्यांना काय हवंय, ते विचारलंत?”

बाहेर ऊन रणरणत होते. शेठजींनी एकदा सुनेकडे पाहिले, एकदा दाराकडे. मग खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली, काहीतरी पुटपुटले, आणि रस्ता ओलांडून विचारायला गेले.